सातव्या बॅचची हळद

मंगळवार पेठ, पुणे
१० फेब्रुवारी २००९

प्रिय उत्तरेश्वर,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडलं असतं तर कागद बदलावा लागला असता, आणि कागद चांगला आहे, म्हणून राहू दिलं. त्यातून काही अर्थ काढू नकोस. ई-मेल का नाही केला असं तुझ्या मनात येईल. ई-मेल न वाचता बाजूला सारायची तुझी सवय मला माहीत आहे. पाकीट मात्र तू फोडल्याशिवाय ठेवत नाहीस. प्रयोगशाळेत टेलिफोनचं बिलसुद्धा आधी तूच फोडायचास, जणू त्यातून नोकरीचा कॉल येणार होता. हे पाकीट हाताला जाड लागलं असेल, कारण आत आणखी एक पाकीट आहे. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगते. शेवटचं पान आधी वाचू नकोस, एवढं एकदा ऐक माझं.

तुझी खबर मला मिळत असते. मी विचारायला जात नाही, पुण्यात खबर आपल्या पायांनी चालत येते. खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत तू चौथ्या मजल्यावर बसतोस, हाताखाली अठरा पोरं आहेत, आणि अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं बरोबर निघतात की नाही ते बघतोस. चांगलं आहे. त्याचा मला राग नाही. आपली फेलोशिप चार-चार महिने यायची नाही, मेसवाला दारात उभा राहायचा, आणि तुझ्याबरोबर बी.एस्सी. झालेली मुलं फ्लॅट बुक करत होती. तेव्हा तू संगणकाचा कोर्स करून निघून गेलास यात वावगं काही नव्हतं. राग कशाचा आला ते सांगते. परवा तुमच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुझा फोटो पाहिला. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि खाली दोन ओळी : रक्तातल्या साखरेवर चालणारी इवलीशी बॅटरी पुण्यात ज्या गटाने बनवली, त्या गटाचे सदस्य. 'बनवली' हा शब्द मी तीनदा वाचला. मग स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

तू आता बिलांत रमला आहेस, विसरला असशील, म्हणून आठवण करून देते की आपण काय बनवत होतो. पेन्सिलीच्या आतल्या दोन कांड्या. एकीवर साखर खाणारं एन्झाइम, दुसरीवर ऑक्सिजन ओढणारं. मध्ये रक्ताचा एक थेंब. पहिली कांडी थेंबातल्या साखरेतून वीज काढणार, ती वीज दुसरीकडे जाणार, आणि जितकी साखर जास्त तितकी वीज जास्त. म्हणजे वेगळा सेल नको, वेगळा मीटर नको, थेंबच स्वतःची साखर सांगणार. बाबांना हे मी एकदा ताटात दोन शेवग्याच्या शेंगा ठेवून समजावलं होतं. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांना लगेच कळलं. तेव्हा परदेशी मीटरच्या पट्ट्या परवडत नव्हत्या, म्हणून बाबा महिन्यातून एकदा साखर तपासायचे आणि बाकीचे दिवस अंदाजाने गोळी घ्यायचे. आपल्या प्रयोगांसाठी त्यांनी दोन वर्षं दर रविवारी बोट पुढे केलं. तू सुई टोचायचास, ते छताकडे बघत म्हणायचे, भीमरावाचं रक्त सरकारी कामाला लागतंय, टोच बिनधास्त. तुला चहा दिल्याशिवाय त्यांनी कधी सोडलं नाही. हे सगळं मुद्दाम लिहिते आहे. तू कुणाशी काय केलंस ते कळायला हवं.

आपला आकडा बारा मायक्रोवॅटवर अडला होता. सहा बॅच झाल्या, प्रत्येकीत बारा कांड्या, आणि बाराच्या वर काही जाईना. एन्झाइम वीज काढत होतं, पण ती कांडीपर्यंत पोचवणारा मधला कुणी नव्हता. यंत्राच्या छोट्या पडद्यावर नुसते अंक उमटवायलासुद्धा चाळीस लागत होते. सर रोज दारातूनच विचारायचे, काय, बाराच का? आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे. त्या वर्षीची, २००२ची खंडेनवमी आली ती अशी. आपल्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची. सुखदेव शिपाई झेंडूच्या माळा घेऊन यायचा, वीज मोजायच्या पोटेन्शिओस्टॅटला माळ, फ्रिजला माळ, सरांच्या संगणकाला सगळ्यांत मोठी माळ, आणि प्रत्येकाला हळदीकुंकवाची बोटं. मी त्या दिवशी कधीच नसायचे. कुणाला विरोध म्हणून नाही, दसऱ्याला मी आणि बाबा नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो आणि आदल्या दिवशी गाडी पकडावी लागायची. हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तोपर्यंत कुणी त्याबद्दल काही बोललं नव्हतं.

गुरुवारी मी परत आले तेव्हा सातवी बॅच तयार होती. कांड्यांवर एन्झाइम चढवायचं काम तुझं, मोजायचं काम माझं. पहिली लावली, एकेचाळीस. मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसरी, चाळीस. तिसरी, बेचाळीस. बाराच्या बारा कांड्या चाळिशीत. तू माझ्यामागे उभा होतास आणि काहीच बोलत नव्हतास. मला वाटलं आनंदाने. सर आले, त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि सुखदेवला पेढे आणायला पिटाळलं. पुढच्या आठवड्यात पेपरवाले आले. रक्तावर चालणारी बॅटरी, पुण्याच्या संशोधकांची कमाल. त्या कात्रणात आपल्या तिघांचे फोटो आहेत. बाबांनी ते कात्रण चौकट करून भिंतीवर लावलं. मंगळवार पेठेतला एकही पाहुणा त्या चौकटीखाली उभं राहून ऐकल्याशिवाय घरी गेला नाही.

मग आठवी बॅच. बारा. नववी, अकरा. दहावी, बारा. सर म्हणाले हवेत दमटपणा आहे. मग म्हणाले एन्झाइमचा नवा लॉट खराब आहे. मग म्हणाले हात बसायला वेळ लागतो. मी दोन महिने झोपेतसुद्धा मोजत होते. सातव्या बॅचमधली एक कांडी उरली होती, ती शेवटी मी स्पिरिटमध्ये बुडवली, आणि स्पिरिट पिवळं झालं. सरांकडे घेऊन गेले तर म्हणाले, एन्झाइमच पिवळसर असतं, एवढंही ठाऊक नाही का? ठाऊक होतं. म्हणून मी त्यात चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला. ते लाल झालं. हळदीत चुना पडला की कुंकू होतं हे सांगायला पीएच.डी. लागत नाही, माझी आजी सही करायला शिकली नव्हती तरी तिला कळत होतं. मी म्हटलं, सर, कांड्यांवर एन्झाइमच्या खाली हळद आहे. हळदीतला रंग एन्झाइमकडून वीज घेतो आणि कांडीला देतो. आपल्याला जो मधला हवा होता तो आपल्याला पूजेने दिला.

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चहाची बशी बाजूला केली आणि म्हणाले, मैत्री, हे बघा, तुम्हा लोकांना पूजा आवडत नाही ते मला मान्य आहे. पण म्हणून एवढ्या चांगल्या कामात हळद शोधायची? खोलीत आपण तिघंच होतो. मी विज्ञान सांगत होते आणि त्यांना जात ऐकू आली. त्याला उत्तर काय द्यायचं असतं हे मला आजही कळत नाही, कारण ज्याने ते बोलायचं असतं तो मी नव्हे. तो तू होतास. मी तुझ्याकडे पाहिलं. तू हातातल्या ब्लेडने पेन्सिल तासत होतास, आणि मान वर न करता म्हणालास, मी हळद फक्त स्टँडला लावली होती, कांड्यांना नाही. सर म्हणाले, झालं तर मग, स्टँडवरची उडून तुमच्याच हाताने त्या एका कांडीला लागली असेल. आणि विषय संपला. आपला संशोधनाचा पेपर सातव्या बॅचवर गेला. बाकीच्या तीन बॅच 'कांड्या बनवताना आलेल्या अडचणी' या चार शब्दांत बसल्या. लेखकांत पहिलं नाव माझं घातलं. मी नको म्हटलं नाही. हेही लिहिते आहे, कारण नुसता तुझाच हिशोब मांडून मी नामानिराळी राहिले तर हे पत्र लिहायचा मला अधिकार नाही.

आता अपेक्षाबद्दल. तू तिला पाहिलेलं नाहीस. तू गेलास त्याच महिन्यात, जून २००४मध्ये, ती आली. वाशीमची, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, एका खोलीत चौघी. एम.एस्सी.ला विद्यापीठात दुसरी होती. सरांनी तिला विषय दिला, सातव्या बॅचचा आकडा पुन्हा मिळवा आणि त्यातून मीटर बनवा. साडेचार वर्षं ती बारावर अडली आहे, उत्तरेश्वर. एकशे सदतीस बॅच. आपल्या सहाला आपण कंटाळलो होतो. ती शनिवार-रविवार धरत नाही, सणाला घरी जात नाही. कुठलंसं भांडं साफ नसेल म्हणून तिने प्रयोगशाळेतलं प्रत्येक भांडं स्वतःच्या हाताने ॲसिडने धुतलं आणि बोटांची सालं काढून घेतली. आपला पेपर तिने इतक्या वेळा वाचलाय की त्याच्या घड्या फाटल्यात, आणि त्यात जे लिहिलंय ते ती अक्षरशः पाळते. जे लिहिलेलं नाही तेवढंच ती करत नाही. सर तिला सगळ्यांसमोर सांगतात की मैत्री मॅडमच्या हाताला यश होतं, तुमच्या हाताला ते नाही. मी शेजारच्या टेबलावर बसून हे ऐकलंय. एकदा नाही, पुष्कळदा.

गेल्या महिन्याच्या तीस तारखेला, शुक्रवारी, अपेक्षा दुपारी उशिरा आली. तिच्या घरमालकीणबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि खोलीतल्या मुलींना वाण वाटायला बसवलं होतं. घाईघाईने हात धुऊन तिने कांड्या पुसल्या, एन्झाइम चढवलं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या. शनिवारी सकाळी मी दार उघडून आत येते तोच ती माझ्यापुढे उभी. नुसतं वहीकडे बोट. तीन कांड्या, अडतीस, छत्तीस, अडतीस. बाकीच्या नऊ बारावरच. म्हणाली, मॅडम, आला, तीनवर तरी आला, म्हणजे माझ्या हातात आहे ना? मी तिच्या हाताकडे पाहिलं. उजव्या बोटाच्या नखाच्या कडेला पिवळी रेघ होती. किती धुतली तरी हळद नखात दोन दिवस राहते, तुला माहीत आहे. मी नुसतं म्हटलं, छान, पुन्हा कर. स्वतःची इतकी किळस मला आजवर कधी आली नव्हती.

तिने पुन्हा केलं. रविवारी, सोमवारी, मंगळवारी. बारा, बारा, अकरा. बुधवारी तिने कांड्यांचा डबा उघडलाच नाही. गुरुवारी तिला एक पत्र मिळालं. सरांनी पीएच.डी.च्या समितीला लिहिलं होतं, कामात गती नाही, पाच वर्षांची मुदत जूनमध्ये संपते, नोंदणी रद्द करावी. ती ते पत्र हातात घेऊन शांतपणे आपली भांडी खोक्यात भरायला लागली. तेव्हा मी उठले, सुखदेवच्या जागी आता जो आहे त्याच्याकडून पाच रुपयांची हळद आणवली, आणि तिला म्हटलं, सहा कांड्यांना हळदीचं बोट लाव, सहांना नको, मग एन्झाइम चढव. दुसऱ्या दिवशी सहांवर चाळीसच्या आसपास, सहांवर बारा. मी तिला सगळं सांगितलं. खंडेनवमी, चुन्याचा थेंब, सर, तू. मला वाटलं ती रडेल, निदान सरांना शिव्या देईल. तिने एकच विचारलं. तुम्हाला हे कधीपासून पक्कं माहीत होतं?

मी म्हणाले असते की संशय होता. तसं म्हणता आलं असतं, लाल थेंब आणि तुझा नकार यांच्यात उभं राहून संशय म्हणणं सोपं होतं. पण तुला आठवतंय ना, मला का तसं म्हणता येईना ते? तुझ्या निघायच्या आधीचा रविवार. कांड्या धरायला तांब्याच्या बारीक क्लिपा हव्या होत्या म्हणून आपण कसब्यात तांबट आळीत गेलो होतो. म्हाताऱ्या तांबटाने क्लिपा करून देईपर्यंत आपण पायरीवर बसलो. चारी बाजूंनी हातोड्यांचे ठोके. त्या आवाजात तू म्हणालास, लावली होती की गं मी. बाराच्या बारा कांड्यांना. तुझ्या गावाकडे खंडेनवमीला नांगराला, कोयत्याला, आईच्या विळीला, सगळ्याला हळद लागते, आणि तुला वाटलं आपली शस्त्रं म्हणजे या कांड्याच. पाटावर मांडल्यास, एकेकीला बोट लावलंस, नमस्कार केलास, मग टिश्यूने पुसल्यास आणि एन्झाइममध्ये बुडवल्यास. सांग मला, यात लाज कसली होती? तू हे सरांसमोर बोलला असतास तर तो आपला शोध होता. खरा, तुझ्या बोटाचा. हळदीचा डबा दाखवून आपण जगाला सांगितलं असतं की जो मधला तुम्ही महागड्या रसायनांत शोधता आहात तो आमच्या स्वयंपाकघरात आहे. पण तेव्हा हळद ही अडाण्याची गोष्ट होती आणि तुला गावंढळ दिसायचं नव्हतं. म्हणून मला जातीवाली दिसू दिलंस.

आणि त्याच पायरीवर, त्याच दमात तू दुसरी गोष्ट म्हणालास. दिवाळीला गावी गेलो की आईला आपल्याबद्दल सांगतो. आधी हळद, मग आई. मी क्लिपा मोजत होते. मी काही बोलले नाही, आणि ते न बोलणं म्हणजे वचनच होतं, तुलाही कळलं. तू माझं सांगणार, मी तुझं सांगणार नाही. असला व्यवहार मी केला, मी, भीमरावांची मुलगी, जिला लहानपणापासून शिकवलं की खोट्यापुढे मान वाकवायची नाही. दिवाळी गेली. पुढची गेली. तुझ्या लग्नाची पत्रिका प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आली, 'सर व सर्व सहकारी'. मी त्या सर्वांत होते. तरीही मी गप्पच राहिले. आधी तुझ्यासाठी, मग तुझ्यावरच्या रागाने, मग नोकरीचं कंत्राट दर वर्षी सरांच्या सहीने वाढतं म्हणून, आणि शेवटी नुसतीच सवयीने. अपेक्षाला मी म्हटलं, साडेचार वर्षं. तू आलीस त्याच्या आठ दिवस आधीपासून. तिने मान हलवली, खोकं उचललं आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून येते, काम करते, पण मला मॅडम म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. मला तुझा जितका राग येतो तितकाच तिला माझा येत असणार, आणि तो बरोबर आहे.

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. त्यांचं वय आता अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याला दिसत नाही. सगळं ऐकून घेतलं. मग स्टूल ओढलं, मी नको नको म्हणत असताना वर चढले, ती चौकट उतरवली आणि कपड्याने पुसून कपाटात पालथी ठेवली. म्हणाले, दोन वर्षं बोट टोचून घेतलं त्याचं काही नाही, पण त्या पोराला मी चहा पाजत होतो. बस, एवढंच. भिंतीवर आता चौकटीएवढा पांढरा चौकोन आहे. येणारे जाणारे विचारतात आणि बाबा त्यांना सांगतात, चूक होती, काढली.

आपला पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला मी लिहिलं. सातव्या बॅचबद्दल, लाल थेंबाबद्दल, आणि मला काय कधी कळलं त्याबद्दल तारखेसकट. माझं पहिलं नाव, माझी पदवी, माझं कंत्राट यांचं काय व्हायचं ते होवो. सरांनी सही करायला नकार दिला. ते म्हणतात, आजच्या कांड्यांना हळद लावली म्हणून तेव्हाच्या कांड्यांना होती हे कशावरून? आणि मॅडम तर त्या दिवशी नागपूरला होत्या. खरं आहे, मी नव्हते. सुखदेवला त्यांनी आपट्याची पानं आणायला पाठवलं होतं. ते स्वतः आपल्या खोलीत होते. कांड्या मांडलेल्या त्या पाटासमोर एकच माणूस बसला होता. समिती २१ तारखेला, शनिवारी, अकरा वाजता बसते. त्या दिवशी अपेक्षा सगळ्यांसमोर दोन्ही प्रकारे प्रयोग करून दाखवणार आहे. जुना आकडा हळदीचा होता एवढं समितीने मानलं तर तिच्या एकशे सदतीस बॅच चुकीच्या नव्हत्या, बरोबर होत्या असं ठरेल, आणि हळदीवरचं काम तिच्या नावाने सुरू होईल. नाही मानलं तर ती वाशीमला परत जाईल, हाताला यश नसलेली म्हणून. मी सांगितलं तर पुन्हा तेच होईल, तुम्हा लोकांना पूजा आवडत नाही. ती चहाची बशी मी एकदा बघितली आहे.

म्हणून हे पत्र. मला माफी नको, खुलासा तर त्याहून नको, आणि तांबट आळीतली दुसरी गोष्ट कधीच घडली नाही असं समज, मीही समजते. हवंय ते एकच वाक्य, तुझ्या हस्ताक्षरात, सहीसकट : २००२च्या खंडेनवमीला सातव्या बॅचच्या बाराही कांड्यांना मी हळद लावली. तुझ्या खराडीच्या नोकरीला याने ओरखडाही उठणार नाही, बिलं निघतच राहतील, फार तर फोटोखालच्या दोन ओळी काढाव्या लागतील. या पानाचा खालचा अर्धा भाग मी कोरा ठेवलाय. तेवढा फाडून घे, लिही, आणि आतल्या पाकिटात घाल. तिकीट लावलेलं आहे. पाकिटावरचा पत्ता सदाशिव पेठेतला आहे, तो माझा नाही, अपेक्षाचा आहे. मला काही पाठवू नकोस.

तुझी, अजून आठ-पंधरा दिवस तरी, छापील सहलेखिका,
मैत्री